लंगडा माग

वडगावात, ढवळ्यांच्या मागांच्या शेडला लागून
आम्ही प्रॅक्टिस करायचो, कारण तिथं
आवाज कमी करा म्हणायला कुणी यायचं नाही.
बारा पॉवरलूम आमच्याहून मोठ्यानं बोलायचे.
इराण्णाला क्लिक लागायचाच नाही:
भिंतीपलीकडनं खटाक-खटाक, खटाक-खटाक,
त्यावर तो डबल पेडल सोडायचा
आणि आम्ही निघायचो. घोडे, तलवारी,
बर्फातला किल्ला. बर्फ आम्ही फक्त
मासळीच्या पेटीत बघितलेला.

लुमा, तू तेव्हा गळ्याची शीर फुगवून
असा वर जायचास
की पत्र्यावरची कबुतरं उठायची.
उद्यमबागेत दिवसभर कास्टिंग घासलेला माणूस
संध्याकाळी सातला राजपुत्र.
सगळं इंग्लिशात. ड्रॅगनचं बरं असतं,
तो ना इकडचा, ना तिकडचा.
पोस्टरवर मात्र वरची ओळ कन्नड, खालची मराठी,
अक्षरांची उंची पट्टीनं मोजून घेतलेली.

मग माग गेले.
एकेक करून, टेंपोतनं, भंगाराच्या भावानं.
अकरा.
उरला तो कोपऱ्यातला, इराण्णाच्या बापाचा,
सात ठोके नीट मारणारा, आठवा गिळणारा,
आणि काहीच झालं नाही अशा थाटात
पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही हसलो.
इराण्णा काठ्या मांडीवर ठेवून
दिवस मावळेस्तोवर ऐकत बसला.
म्हटला, "ह्यो चुकूलाला न्हाई बे.
ह्याचं गणितच येगळं हाय."
शांतला कीबोर्डवरचा धुरळा पुसत म्हणाली,
"धारवाडात मावशी ह्याला रूपक म्हणायची."
आम्हाला वाटलेलं, आम्हीच शोधून काढलं.

त्यानंतरचं गाणं अकरा मिनिटांचं झालं.
पहिली चार मिनिटं शब्दच नाहीत,
म्हणजे चार मिनिटं तरी
कुठल्या भाषेत गाताय, हे कुणाला विचारता येत नाही.
तू भिंतीला टेकून मोजत राहायचास
बोटांच्या पेरांवर:
एक दोन तीन, एक दोन, एक दोन.
तुझी ओळ यायची आणि तू अर्ध्या पावलानं मागं.
शेवटी कुणीतरी म्हणालं, वर जाऊ नकोस, खालीच म्हण.
इराण्णा नव्हे, शांतला नव्हे.
ते मी म्हणालो होतो.
बेसवाल्याचं कुणी ऐकत नाही म्हणतात.
तू ऐकलंस.

खानापूरला पाचव्या मिनिटाला
मागच्या खुर्च्या भज्यांच्या गाडीकडं गेल्या.
"ए लुम्या, ड्रॅगन लाव की मर्दा!"
तू आमच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस.
नुसत्या गळ्यानं जुनं गाणं उचललंस,
उंच, होतं तसं, पत्र्यापर्यंत,
आणि पोरं परत आली, हात वर, टाळ्या चारात.
आता वाजवावं म्हणून आम्ही आत शिरलो
आणि इराण्णाचे हात चारात जाईनात.
मुद्दाम नव्हतं, लुमा, शप्पत.
दर फेऱ्याला एक ठोका पायाखालनं निघून जायचा,
टाळ्या सांडायला लागल्या,
बायका हसल्या, सरपंचांचा मुलगा हसला,
तूही हसलास माइकात.
ते हसणं रेकॉर्डिंगमधे आहे. मी कापलेलं नाही.

आता तू निपाणीच्या ऑर्केस्ट्रात गातोस म्हणे,
हळदीला, बारशाला, पैसे रोख.
आमच्या गाण्याला धड शेवट नाही,
शांतला म्हणते, तसंच राहू दे.
शेवटच्या मागाचा पट्टा मार्चमधे तुटला.
इराण्णाच्या बापानं तो बदलला नाही.

परवा दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं.
तुझी गाडी माझ्यापुढं तिसरी.
मालगाडी निघता निघेना,
आणि तुझी टाच पायरीवर काहीतरी ठोकत होती.
चार का सात,
मी मान लांब करून बघत राहिलो.
मधे एक उसाचा ट्रॅक्टर.
फाटक वर गेलं, सगळ्यांनी हॉर्न वाजवले,
आपापल्या तालात.